अविश्वासी जोडीदाराचा प्रश्न : पार्श्वभूमी

बायबलच्या वचनाप्रमाणे चालायचे म्हटले की आपल्याकडे उपास, दशमांश, रविवारची उपासना यांची चर्चा होते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांना सर्वांत जास्त छळले ते मात्र प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायाने. विश्वास न ठेवणारा जोडीदार नांदायला तयार असेल तर त्याला सोडू नये, आणि तो स्वतःहून वेगळा झाला तर विश्वासणारा बांधलेला नाही, असे पौल तिथे सांगतो. रोमन चर्चने या सवलतीची चौकट ११९९ सालीच आखली होती. आपल्याकडे प्रश्न उभा राहिला तो १८३० नंतर, नगर आणि मुंबईत शिकलेली तरुण पोरे बाप्तिस्मा घेऊ लागली तेव्हा.

त्यातल्या बहुतेकांची लग्ने लहानपणीच लागलेली होती आणि बायको अजून माहेरी असे. मुलगा बाटला की सासरा मुलीला पाठवायचे नाव काढीत नसे. १८५० च्या कायद्याने धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत राहिला, पण संसाराचे काय? मिशनऱ्यांमध्येच दोन तट होते. देवाने जोडलेले माणसाने तोडू नये, हे ख्रिस्ताचे शब्द एकीकडे. पौलाची मोकळीक दुसरीकडे. विशीतल्या तरुणाने जन्मभर एकटे राहावे का, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या पाळकावर सोडलेला होता.

अखेर निकाल लावला तो सरकारने. १८६६ च्या एकविसाव्या कायद्यानुसार, जोडीदाराने ख्रिस्ती होण्याच्या कारणावरून सहा महिने नांदायला नकार दिला, तर नव्या ख्रिस्त्याला कोर्टात जाता येऊ लागले. नवरा १६ वर्षांचा, बायको १३ वर्षांची पूर्ण असली की पुरे. तिथेही लगेच सुटका नव्हती. खटला एक वर्ष तहकूब ठेवायचा, त्या मुदतीत दोघांची भेट घडवायची आणि नकार तिचा स्वतःचा की घरच्यांचा, हे पाहायचे. वर्षानंतर पुन्हा विचारायचे. तरीही 'नाही' आले तर लग्न मोडले, आणि दोघांनाही जोडीदार वारल्यासारखे पुनर्विवाहाला मोकळे.

'दोघांनाही' हे कागदावर. तो मंडळीत दुसरे लग्न लावून घेई. तिच्यासाठी १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा जेवढा कामाचा, तेवढाच हा. ब्राह्मण घरातल्या मुलीला दुसरा नवरा कोण बघणार होते? वचनाचे पालन त्याचे झाले आणि त्याची किंमत बहुतेक तिने चुकवली, हे आपल्या मंडळ्यांच्या इतिहासात फार हळू आवाजात लिहिले जाते. तरी त्या वर्षभरात कोणीतरी तिला विचारत होते, एवढे कायद्याच्या पदरात टाकावे लागेल. लग्नाच्या वेळी तेही झाले नव्हते.

सगळेच कोर्टात गेले नाहीत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या एका नामवंत मराठी कवीने वाट पाहिली. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर पत्नी नांदायला आली आणि पुढे तिनेही बाप्तिस्मा घेतला.

दोन बायकांच्या नवऱ्याला बाप्तिस्मा द्यावा का, हा वाद त्या मानाने लवकर निवला. काही मिशन दोघींसह घेत, मात्र पुढारी एकाच बायकोचा नवरा असावा, या तीमथ्याच्या पत्रातल्या वचनावर बोट ठेवून त्याला मंडळीतले वडीलपद देत नसत.

मंडळीत जन्मलेल्यांचे घटस्फोट १८६९ च्या कायद्याखाली आले. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणे पुरे. बायकोला मात्र त्याच्या जोडीला क्रूरपणा, त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. घटस्फोटावर ख्रिस्त बोलतो त्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात असा भेद कुठे आहे? तरीही तो सव्वाशे वर्षे टिकला. १९९७ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला आणि परस्पर संमतीचा घटस्फोटही त्यात आला. त्या दुरुस्तीवर काही पाळक आजही नाराज आहेत.

आता गाडी उलट्या बाजूने येते. मुलगा किंवा मुलगी अख्रिस्ती जोडीदार निवडते, १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी होते आणि मग घरचे पाळकाकडे आशीर्वादाची प्रार्थना मागायला जातात. एक मंडळी प्रार्थना करते, शेजारची नकार देते. नकार देणारे करिंथकरांस दुसऱ्या पत्रातले, विश्वास न ठेवणाऱ्यांशी विजोड जुवात जुंपले जाऊ नका, हे वचन पुढे करतात. पहिल्या पत्रातला सातवा अध्याय त्या बैठकीत सहसा उघडला जात नाही.