भाव चॅटवर विचारा, पट्टी ईमेलने पाठवा

‘ईमेल आता कोण वाचतं? सगळं चॅटवरच टाका,’ असं लातूर-नांदेडकडची अभियांत्रिकीची मुलं प्रोजेक्ट करताना सर्रास म्हणतात. बाजार समितीसाठी ॲप करायचं ठरलं की त्यात आधी चॅट येतं. मला हा आग्रह पटत नाही.

१९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर ईमेल पाठवली. १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला ईमेल कशी सोपवायची त्याचे, नियम लिहिले. आज आपला सर्व्हर आधी डीएनएसला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या नोंदवहीला, विचारतो, या पत्त्याची डाक कोण घेतं? तिथल्या एमएक्स नोंदीतून, म्हणजे डाक घेणाऱ्या सर्व्हरच्या नोंदीतून, उत्तर मिळतं. मग तो त्या सर्व्हरला पाठवणारा आणि घेणारा कोण ते सांगतो, मजकूर देतो आणि शेवटच्या ओळीत नुसतं टिंब पाठवतो. समोरून ‘२५०’ हा होकाराचा आकडा आला, की त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी समोरच्याची. इतकी नेमकी सोपवणूक मला फार सुंदर वाटते! ‘४’ने सुरू होणारा आकडा आला तर पत्र आपल्याच रांगेत राहतं, निदान अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करायचा, आणि चार-पाच दिवस तरी सोडायचं नाही. ‘५’ने सुरू होणारा आला तर कायमचा नकार, आणि पाठवणाऱ्याला तसं परतीचं पत्र.

चॅटमध्ये फोन आणि सर्व्हर यांच्यातली जोडणी उघडी ठेवतात, म्हणून मेसेज क्षणात उतरतो. फोनकडून पोच आली की दुसरी टिक. फोन बंद असेल तर व्हॉट्सॲप मेसेज ३० दिवस ठेवतं, मग काढून टाकतं. शिवाय सगळा कारभार एकाच कंपनीच्या हाती. ईमेल मात्र कोणत्याही सर्व्हरवरून कोणत्याही सर्व्हरला जाते.

सोयाबीनचा सौदा चालू असताना अडत्याला ‘एवढ्याला देऊ का?’ असं शेतकऱ्याला विचारायचं असेल, तर चॅटच हवं. तासाभराने त्या प्रश्नाला अर्थ नसतो. पण वजन, हमाली, तोलाई मांडलेली हिशेबपट्टी शेतकरी उत्पादक कंपनीच्या हिशेबनिसाला वर्षाअखेरीस शोधावी लागते. ती ईमेलनेच जावी.

मात्र ‘२५०’ म्हणजे पत्र वाचलं असं नव्हे. ते स्पॅममध्येही पडू शकतं. आणि ‘५५०’ आला तर अनेकदा पत्ताच चुकलेला असतो. ॲपने ते परतीचं पत्र स्वतः वाचून त्या खात्यापुढे खूण करावी, म्हणजे समितीतला माणूस फोन करून पत्ता दुरुस्त करून घेईल.