शिकारीचा हंगाम व बंदुकीची निगा

एखाद्या प्राण्याची किंवा पक्ष्याची शिकार कायद्याने खुली असते त्या काळाला शिकारीचा हंगाम म्हणतात. उरलेले दिवस म्हणजे बंद हंगाम. वीण आणि पिलांची वाढ यांत अडथळा येऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशांत बहुतेक हंगाम शरद ऋतूत आणि हिवाळ्यात येतात. ब्रिटनमध्ये रेड ग्राउस या पक्ष्याचा हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर असा असतो. इंग्लंडमध्ये लाल हरणाच्या नराची शिकार १ ऑगस्टला खुली होते, मादीची मात्र १ नोव्हेंबरला, कारण तोवर पाडस तिच्यावर अवलंबून असते. स्थलांतरित पक्ष्यांच्या बाबतीत एकाच देशाने नियम करून भागत नाही. अमेरिकेचा १९१८ चा स्थलांतरित पक्षी कायदा कॅनडासाठी ब्रिटनशी झालेल्या १९१६ च्या करारावरून आला.

बंदूक बिघडते ती बहुधा या बंद महिन्यांतच. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ओली बंदूक तशीच कातडी म्यानात घालून ठेवली, की कातडे ओल धरून ठेवते आणि नळीला गंज चढतो. बोटांच्या घामातले क्षारही तेवढेच घातक. जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूची (बंदुकीच्या स्फोटक भुकटीची) काजळी हवेतली ओल शोषून घेते, म्हणून अशी बंदूक त्याच दिवशी धुवावी लागते. आजची धूरविरहित दारू त्या मानाने सोशीक आहे.

साफसफाईआधी बंदूक रिकामी आहे ना, हे डोळ्यांनी आणि बोटानेही पाहावे, आणि काडतुसे त्या खोलीत ठेवूच नयेत. नळी साफ करायचा गज शक्यतो मागच्या बाजूने, म्हणजे काडतूस भरतात तिकडून घालावा. पुढून घातलेला गज नळीच्या तोंडाची कड घासतो, आणि रायफलची अचूकता त्या कडेवर फार अवलंबून असते. आधी द्रावणात भिजवलेली चिंधी, मग पितळी किंवा काशाचा ब्रश, मग चिंधी कोरडी निघेपर्यंत पुसणे, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. तेल जास्त घालणे ही हौशी शिकाऱ्याची नेहमीची चूक. उभ्या ठेवलेल्या बंदुकीतले जादा तेल ओघळून लाकडी दस्त्यात मुरते आणि लाकूड मऊ पडते. कडाक्याच्या थंडीत घट्ट झालेल्या वंगणाने फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आघात करणारी खीळ, मंदावते आणि बार उडतच नाही.

थंडीतून उबदार खोलीत आणलेल्या बंदुकीला घाम फुटतो. ती लगेच पेटीत बंद न करता आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, मग पुसावी.

नवा हंगाम उघडण्याआधी नळीतले तेल पुसून काढतात, दुर्बिणीचे स्क्रू तपासतात आणि निशाण्यावर काही गोळ्या झाडून नेम जुळवतात. तेलकट नळीतून सुटलेली पहिली गोळी पुढच्या गोळ्यांपेक्षा वेगळ्या जागी लागू शकते. रानात नळीच्या तोंडात चिखल किंवा बर्फ गेला, तर बंदूक रिकामी करून तो काढल्याशिवाय बार टाकू नये; अडलेली नळी फुटते.