सिकलसेलचा उंदीर कसा घडला

सिकलसेल, म्हणजे सदोष हिमोग्लोबिनमुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार, उंदराला आपोआप होत नाही. माणसाचं एस बीटा-ग्लोबिन जनुक (हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारं, या आजारातलं सदोष जनुक) त्याच्यात घातलं तरी होत नाही, हे 1990 मधल्या सुरुवातीच्या पारजनुकीय उंदरांत दिसलं. प्राणवायू काढून घेतला की त्यांच्या तांबड्या पेशी परीक्षानळीत विळ्यासारख्या वाकत. प्राणी मात्र ठणठणीत. एस हिमोग्लोबिनचे धागे जुळले की पेशी वाकते; उंदराचं स्वतःचं ग्लोबिन (हिमोग्लोबिनमधलं अल्फा आणि बीटा साखळ्यांचं प्रथिन), विशेषतः अल्फा साखळी, ते सहज जुळू देत नाही.

1991 च्या ‘सॅड’ उंदरात यावर तोड काढली ती बीटा साखळीच 6, 23 आणि 121 अशा तीन जागी बदलून. धागे जुळू लागले, पण असं हिमोग्लोबिन कुठल्याच रुग्णात नसतं.

खरी अडचण उंदराचं ग्लोबिन हीच होती. ते काढून टाकणारे उंदीर 1997 मध्ये दोन गटांनी ‘सायन्स’च्या एकाच अंकात मांडले. पिल्लं गर्भातच दगावू नयेत म्हणून माणसाचं गामा जनुकही (गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बनवणारं) जोडलं होतं. त्यातला बर्कलेचा उंदीर खरोखर आजारी असतो: तीव्र रक्तक्षय, यकृत-मूत्रपिंडाची हानी. पण त्यात बीटा साखळी अल्फाच्या मानाने कमी बनते, म्हणजे थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तविकाराची छटा येते आणि पेशीतलं हिमोग्लोबिन विरळ होतं. धागे किती लवकर जुळतील हे या सांद्रतेवर अतोनात अवलंबून असतं, त्यामुळे हा दोष किरकोळ नाही.

2006 च्या टाउन्स उंदरात मानवी जनुकं उंदराच्या जनुकांच्या जागीच बसवली. आज नव्याने काम सुरू करायचं तर हाच घ्यावा. एएस (एक एस, एक निरोगी ए जनुक) नर-मादीच्या वेतात सरासरी चौथाई पिल्लं एसएस (दोन्ही एस, म्हणजे आजारी) निघतात आणि तुलनेसाठी एए (दोन्ही निरोगी) भावंडंही त्यातच मिळतात. एएस मादीसाठी एसएस नर वापरला तर निम्मी पिल्लं एसएस होतात, पण एए एकही नाही. एसएस मादीवर पैदास अवलंबून ठेवू नये. तिला गर्भ राहणं आणि पिल्लं जगवणं दोन्ही जड जातं.

प्लीहेबाबत (पोटातल्या रक्त गाळणाऱ्या अवयवाबाबत) मात्र जपून. रुग्णाची प्लीहा बहुधा बालपणीच आक्रसते. उंदराची आयुष्यभर रक्त बनवते, म्हणून या आजारात ती कित्येक पट फुगते. प्लीहा निकामी झाल्यावरच्या जंतुसंसर्गाचा अभ्यास इथे होणार नाही. रक्तात केंद्रक असलेल्या कोवळ्या तांबड्या पेशीही खूप असतात. यंत्र त्यांना पांढऱ्या पेशींत मोजतं, तेव्हा काचपट्टीवर मोजून आकडा दुरुस्त करावाच लागतो.