कूलरच्या ताटीत नेमकं तुटतं काय? रासायनिक बंध आणि रेणूंमधली ओढ

मे महिन्यात नागपुरात कूलरच्या टाकीत पाणी टिकत नाही. ताट्यांवरून, म्हणजे कूलरच्या बाजूंना लावलेल्या भिजत्या पडद्यांवरून, ओघळता ओघळताच ते उडून जातं. असं उडताना पाण्यातलं काय तुटतं? ‘पाण्याचे बंध तुटतात’ असं उत्तर लिहिलं, तर ते चूक.

पाण्याच्या एका रेणूच्या आत ऑक्सिजनने दोन हायड्रोजन धरून ठेवलेले असतात, इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून. हा सहसंयुज बंध. असे एक मोल (रसायनशास्त्रात कण मोजायचं ठरावीक संख्येचं माप) बंध तोडायला सुमारे ४६३ किलोज्यूल लागतात. एका रेणूला शेजारच्या रेणूची जी ओढ असते ती वेगळी: ते आंतररेण्वीय बल, आणि त्याची ताकद मोलमागे जेमतेम २० किलोज्यूलच्या आसपास. घोळ होतो तो नावामुळे. पाण्यातल्या या ओढीलाच आपण ‘हायड्रोजन बंध’ म्हणतो. नावात बंध असला तरी पाण्यात तो दोन रेणूंच्या मधला आहे. दुबळा म्हणून त्याला हसू मात्र नये. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूपेक्षा जवळपास दुप्पट जड, पण त्याच्यात ही ओढ फारच क्षीण. म्हणून तो उणे ६० अंशांलाच उकळतो, आणि पाणी १०० अंशांला.

आता हिशेब कूलरवर लावू. एक लिटर पाणी म्हणजे साधारण ५५.५ मोल. ते उडायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते, विजेच्या भाषेत पाऊण युनिटला थोडी कमी. ही उष्णता ताटीतून जाणाऱ्या हवेतूनच जाते, म्हणून हवा गार होते. तासाला ५ लिटर पाणी उडालं तर जवळपास साडेतीन युनिट उष्णता शोषली गेली. त्याच एका लिटरातले आतले सगळे बंध तोडायचे म्हटले, तर ५१,००० किलोज्यूलच्या वर लागतील, म्हणजे एकवीसपट. ते नागपूरच्या उन्हाच्याही आवाक्याबाहेरचं काम आहे. उकळत्या पातेल्यातले बुडबुडेसुद्धा वाफेचेच असतात, हायड्रोजन-ऑक्सिजनचे नव्हेत.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांनी हेही बघावं. एक किलो बर्फ वितळताना फक्त ३३४ किलोज्यूल ओढून घेतो, कारण वितळताना रेणूंमधली ओढ थोडीच सैल होते. उडताना ती पुरती सुटते. त्यामुळे बर्फाच्या लादीपेक्षा सगळीकडून सारखी भिजलेली ताटी आणि हवा बाहेर जायला उघडी ठेवलेली समोरची खिडकी जास्त कामाची. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगला कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. जुलैत ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली, की तोच कूलर हवा दोन-तीन अंशच गार करून अडतो. पाण्याच्या रेणूंमधली ओढ तीच आहे, पण हवेतूनही जवळपास तितकेच रेणू परत येऊ लागतात.

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या ताटीवर पांढरा थर चढतो, आणि इथे वरचा नियम चालत नाही. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यात सुटे रेणूच नाहीत. कॅल्शियम आणि कार्बोनेटचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सगळ्या स्फटिकभर एकमेकांना धरून असतात. ‘रेणूंमधली ओढ’ हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. मिठाचंही तसंच: ते वितळवायला आयनिक बंधांशीच झुंजावं लागतं, म्हणून ८०१ अंश लागतात. ‘वितळणं म्हणजे नेहमी आंतररेण्वीय बल’ असं पाठ केलेले विद्यार्थी मीठ, हिरा आणि लोखंड यांच्यापाशी अडखळतात ते याच कारणाने. आयन पाण्याबरोबर उडत नाहीत, मागे साचतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी, नुसती वरून भरत राहू नये. चढलेला थर घासून निघत नाही. लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अ‍ॅसिड घालून ताटी अर्धा तास भिजवा. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा: इथे मात्र खरोखर बंध तुटून नवे बनतात. हे पाणी जस्ताच्या पत्र्याच्या टाकीत राहू देऊ नका, आम्ल जस्तही खातं.

दोन्ही गोष्टी एकाच थेंबात बघायच्या तर संत्र्याचा मोसम गाठावा. ताजी साल दुमडून दाबली की बारीक फवारा उडतो. त्यात मुख्यतः लिमोनिन हे सालीतलं वासाचं तेल असतं. वास आला, म्हणजे रेणू एकमेकांपासून सुटून नाकापर्यंत पोचले. फवारा थर्माकोलवर मारला तर तिथे खड्डा पडतो: पॉलिस्टायरिनच्या लांब साखळ्यांमध्ये लिमोनिन शिरतं आणि साखळ्या एकमेकींपासून सुटतात, पण एकही साखळी तुटत नाही. तेल उडून गेलं की उरतो तो चिकट थर पॉलिस्टायरिनचाच. तोच फवारा पेटत्या पणतीवर हाताच्या अंतरावरून मारला की भुर्रकन ठिणग्या उडतात. तिथे लिमोनिनचे आतले बंध तुटले आणि पाणी व कार्बन डायऑक्साइड झाले. आणि रबरबँड त्या तेलात भिजवला, तर तो फुगतो, कमजोर होतो, पण थर्माकोलसारखा विरघळत नाही. त्याच्या साखळ्या गंधकाने, खऱ्या सहसंयुज बंधांनी, एकमेकींना शिवलेल्या असतात.