कलेक्शन व कंटेनर

ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंगमध्ये अनेक ऑब्जेक्ट (माहिती व तिच्यावरील क्रिया यांचे एकक) एकत्र ठेवणे, शोधणे, काढणे व एकेक करून हाताळणे ही कामे ज्या ऑब्जेक्टकडे सोपवलेली असतात, त्याला कलेक्शन किंवा कंटेनर म्हणतात. लिस्ट (क्रमवार यादी), सेट (पुनरावृत्ती नसलेला संच), मॅप (जोड्यांचा तक्ता), क्यू (रांग) हे त्याचे परिचित प्रकार. स्मॉलटॉक व जावा या प्रोग्रामिंग भाषांमध्ये ‘कलेक्शन’, तर सी प्लस प्लसमध्ये ‘कंटेनर’ हा शब्द रूढ आहे. जावात ‘कंटेनर’ नावाचा एक क्लास (ऑब्जेक्ट घडवण्याचा साचा) आहे खरा, पण तो पडद्यावरची बटणे वगैरे घटक सामावून घेतो; त्याचा येथे संबंध नाही.

या कल्पनेचा उगम नेमका कोठे मानावा, याविषयी मतभेद आहेत. मान बहुधा स्मॉलटॉकला दिला जातो. मात्र त्याआधीच्या, डाल व नीगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेत ‘सिम्सेट’ नावाचा तयार क्लास होता. त्यात यादीचे टोक म्हणजे ‘हेड’ आणि सभासद म्हणजे ‘लिंक’. नावात ‘सेट’ असले तरी प्रत्यक्षात ती दोन्ही दिशांनी जोडलेली क्रमवार यादी होती. मागच्या-पुढच्या सभासदांचे दुवे खुद्द ऑब्जेक्टच्याच पोटात असत. त्यामुळे त्याचा क्लास ‘लिंक’पासून उतरलेला (त्याचे गुणधर्म वारशाने घेतलेला) असावा लागे आणि एक ऑब्जेक्ट एका वेळी एकाच यादीत राहू शके. सिम्युलेशनला एवढे पुरे होते, कारण ग्राहक एका वेळी एकाच रांगेत उभा असतो. स्मॉलटॉक-८० मधील बॅग, सेट, डिक्शनरी, ऑर्डर्ड कलेक्शन यांत मात्र आपण कोणाच्या यादीत आहोत, हे घटकाला ठाऊक असण्याची गरज उरली नाही. कलेक्शन केवळ घटकांचे संदर्भ, म्हणजे त्यांच्याकडे नेणारे दुवे, जपते. आजच्या अर्थाला ही मांडणी अधिक जवळची आहे. सिम्सेटला पूर्वरूप म्हणणे सयुक्तिक ठरेल.

स्टेपानोव्ह व मेंग ली यांची स्टँडर्ड टेम्प्लेट लायब्ररी १९९४ मध्ये सी प्लस प्लसच्या प्रमाणीकरण समितीने स्वीकारली. तीत कंटेनरांना सामायिक मूळ क्लास नाही. शोधणे, क्रम लावणे यांसारखे अल्गोरिदम कंटेनरांपासून वेगळे असून इटरेटर (एकेका घटकावरून पुढे सरकणारा निर्देशक) हा दोहोंमधला दुवा आहे. तिला ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणणे स्वतः स्टेपानोव्ह यांनाच मान्य नव्हते.

जावात प्रारंभी व्हेक्टर, हॅशटेबल असे मोजकेच क्लास होते. त्यांपैकी ‘स्टॅक’ (ज्यात फक्त वरच्या टोकालाच घटक ठेवावा वा काढावा अशी चळत) हा व्हेक्टरपासून उतरवल्यामुळे त्याच्या मधोमधही घटक घुसवता येतो, ही मांडणीतली चूकच म्हणावी लागेल. १९९८ मध्ये जोशुआ ब्लॉक यांच्या पुढाकाराने तयार झालेली सुसंगत रचना जावा १.२ बरोबर आली. तीत मॅप हा ‘कलेक्शन’ या इंटरफेसखाली (क्लासने कोणती कामे पुरवावीत हे ठरवणाऱ्या आराखड्याखाली) येत नाही, कारण त्यात सुटे घटक नसून की (शोधण्याची खूण) व व्हॅल्यू (तिच्याशी जोडलेले मूल्य) यांच्या जोड्या असतात. २००४ मध्ये जेनेरिक्स (घटकांचा प्रकार आधीच नमूद करण्याची सोय) येईपर्यंत बाहेर काढलेल्या घटकाचा प्रकार प्रोग्रामरलाच सांगावा लागे. तो चुकला तर प्रोग्राम चालू असतानाच कळे.

हॅशमॅप या मॅपच्या प्रकारात की कोणत्या कप्प्यात जाणार, हे तिच्या हॅश कोडवरून (तिच्या आशयावरून काढलेल्या संख्येवरून) ठरते. जावात एरवी १६ कप्प्यांनी सुरुवात होते आणि नोंदी कप्प्यांच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेल्या, म्हणजे तेरावी नोंद आली, की कप्पे ३२ होतात. की म्हणून ठेवलेल्या ऑब्जेक्टचे हॅश कोडात मोजले जाणारे फील्ड (ऑब्जेक्टमधील माहितीचा भाग) नंतर बदलले, तर शोध सहसा भलत्याच कप्प्यात जातो. नोंद मोजणीत दिसते, पण तीच की देऊन मागितली तर ‘नल’ (काहीच नाही) मिळते.