शाळा व्यवस्थापन समितीत पारधी व विमुक्त पालकांचे प्रतिनिधित्व : सोलापूरसाठी पात्रता, कागदपत्रे आणि कार्यपद्धती

शाळेसारख्या सामाजिक संस्थांवर ग्रामसभेचे व पंचायतीचे नियंत्रण असावे, अशी तरतूद १९९६ च्या पेसा कायद्यात (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्यात) आहे. मात्र तो कायदा अनुसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासीबहुल क्षेत्रापुरता असून सोलापूर जिल्हा त्या क्षेत्रात मोडत नाही. त्यामुळे येथील पारधी वस्त्यांवरील किंवा शहराच्या सेटलमेंट भागातील (ब्रिटिश काळात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या आणि पुढे त्या शिक्क्यातून मुक्त झालेल्या, म्हणजे विमुक्त जमातींच्या वसाहतीतील) पालकांसाठी मुख्य कायदेशीर मार्ग उरतो तो शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २१ मधील शाळा व्यवस्थापन समितीचा. ज्या सेटलमेंटच्या तारेच्या कुंपणात एकेकाळी सरकार माणसांची हजेरी घेत असे, तिथल्या वारसांना शाळेचा हिशेब मागण्याचा अधिकार कायद्याने दिला आहे, ही गोष्ट लहान नाही.

पात्रता सोपी आहे. मूल त्या शाळेच्या पटावर असावे आणि आपण त्याचे आई, वडील किंवा पालक असावे; पालकाच्या शिक्षणाची अट कायद्यात नाही. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या सदस्य महिला आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर जागा, असे कलम २१ सांगते. जिल्हा परिषद व महापालिकेच्या शाळांत समितीला प्रत्यक्ष अधिकार आहेत, अनुदानित शाळांत तिचे काम केवळ सल्ल्याचे आहे, तर विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागू नाही.

सदस्यत्वासाठी छापील अर्ज नसतो. निवड पालकसभेत होते आणि खरी मेख तिथेच आहे. सभेची सूचना वस्तीपर्यंत पोचत नाही, आणि पोचली तरी पुष्कळदा कोऱ्या पानावर आधी सह्या-अंगठे घेऊन ठराव मागाहून लिहिला जातो. म्हणून इतिवृत्त मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये आणि निवडलेल्यांची नावे त्याच पानावर लिहिली आहेत ना, हे पाहावे. मुलाचा प्रवर्ग शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंदलेला असतो. ती नोंद चुकली असेल तर निवडीआधीच जातीच्या दाखल्याची प्रत जोडून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी.

समितीत गेल्यावर सर्वांत वजनदार काम शाळा विकास आराखड्याचे, कारण कलम २२ नुसार शासकीय अनुदानाच्या नियोजनाला हाच आराखडा आधार असतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह हवे असेल, किंवा पहिलीच्या वर्गात घरची भाषा समजणारी व्यक्ती हवी असेल, तर ती मागणी तोंडी न ठेवता आराखड्यात लिहून घ्यावी. शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे कलम २९ मध्येच म्हटले आहे, तेव्हा ही मागणी मेहेरबानीची नव्हे.

इतिवृत्त दाखवले जात नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त पुरावा जोडावा लागतो. विषय एकच ठेवून मजकूर दीडशे शब्दांत बसवावा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे.

निवडच डावलली गेली असेल तर कलम ३२ खाली लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे आणि शहरात महापालिकेकडे करता येते. निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा. तो मान्य नसल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते, आणि त्यासाठी मूळ तक्रारीची पोच जपून ठेवावी.