तीसची पाटी नेमकी कोणाची?

सोलापुरातून पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर कुठेही निघा, रस्ता राष्ट्रीय महामार्गाचाच. आधी चौपदरीकरण, मग केगाव-हत्तूर बायपास. ‘पुढे काम चालू आहे’ ही पाटी इथल्या ड्रायव्हरांनी इतकी वर्षं पाहिली की आता ती त्यांना दिसतच नाही. कामाच्या जागी ताशी तीस किलोमीटरची वेगमर्यादा सांगणाऱ्या पाटीपाशी कोणी खरंच तीसवर आला, तर मागचा ट्रक आधी डिपर मारतो, मग हॉर्न.

रस्ता दुपदरी होता तेव्हा पांढरे पट्टे मारलेली डांबराची पिंपं, रात्री कंदील आणि लाल झेंडी धरलेला माणूस एवढ्यावर भागायचं. समोरून गाडी यायची, म्हणून थांबावंच लागे. दुभाजक आला आणि ही भीती गेली. 2018 च्या अधिसूचनेने चौपदरी रस्त्यावर कारला 100 आणि मालट्रकला 80 पर्यंत मुभा दिली. एवढ्या वेगाला तीसवर उतरवायचं तर सूचना बरीच आधी आणि पायरीपायरीने हवी. कामाच्या जागेचे पूर्वसूचना, वळण, प्रत्यक्ष काम आणि बाहेर पडणे असे चार टप्पे इंडियन रोड्स काँग्रेसच्या, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या, मार्गदर्शिकेत आहेत; ती 2014 साली सुधारलीही गेली. पाटी मात्र अनेकदा पहिल्या पिंपालाच टेकवलेली असते.

खरा गुंता कायद्यात आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 112 नुसार एखाद्या रस्त्यापुरती वेगमर्यादा राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा ठरवते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना आणि जागेवर चिन्ह, दोन्ही लागतं. सूट एकच: निर्बंध महिन्याभरापेक्षा जास्त राहणार नसेल तर अधिसूचना नको. खड्डे बुजवायला, मोरी दुरुस्त करायला ही सूट पुरते. दोन-तीन वर्षं चालणाऱ्या उड्डाणपुलाला कशी पुरावी? त्यात कलम 116 मुळे राष्ट्रीय महामार्गावर चिन्ह लावण्याचा अधिकार केंद्राच्या प्राधिकरणालाही आहे. म्हणजे खांब एकाने रोवायचा, आकडा दुसऱ्याने ठरवायचा आणि पाटी रंगवून आणणार ठेकेदार.

मग अधिसूचना नसलेली पाटी पाळायची कशाला? याच्या विरुद्धचं म्हणणंही कायद्यातच सापडतं. कलम 119 प्रमाणे आदेशात्मक चिन्ह पाळणं चालकावर बंधनकारक आहे. अधिसूचना निघाली का, हे त्याने स्टिअरिंगवर बसून तपासायचं नसतं. हे पटतं. पण लाल वर्तुळातला 30 आणि पिवळ्या पत्र्यावर लिहिलेलं ‘वाहने सावकाश चालवा’ यांत फरक आहे. पहिला आदेश, दुसरी विनंती. आपल्याकडे दोन्ही एकाच बांबूला बांधलेले दिसतात, आणि काम उरकून दुभाजकात झाडं लागली तरी सुटत नाहीत.

2019 च्या दुरुस्तीने वेगाचा दंड कारला 1000 ते 2000 आणि जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये झाला. त्याच दुरुस्तीत कलम 198अ आलं: सुरक्षेचे निकष न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर ठेकेदार-सल्लागाराला एक लाखापर्यंत दंड. चालकाचा दंड नुसत्या वेगाला लागतो, ठेकेदाराचा माणूस गेल्यावर. गाळपाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली ज्या डायव्हर्जनवर रात्री उभी असते, तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो.